गिरणीच्या करंटवरची बाळंतीण

माझी थोरली लेक आठव्या महिन्यातच जगात आली, आणि पहिले काही आठवडे ती ज्या उबेवर जगली ती ऊब चोरीची होती. चोरीची म्हणजे फुकटची नव्हे हो. मीटर फिरत होतं, बिल भरलं जात होतं. पण वीज घेतली एका कामाला आणि वापरली भलत्याच, म्हणजे कायद्यानं चोरीच. आणि चोर कोण, तर आमचे दादा, माझे वडील. गावात त्यांना लई सज्जन माणूस म्हणायचे. गावाला काय जातंय म्हणायला!

दादांची पिठाची गिरणी होती. मिरजगावहून कर्जतकडे जायच्या रस्त्याला आमचं गाव, आणि गावात तेवढी एकच गिरणी. घर आणि गिरणी यांच्यामध्ये फक्त एक बोळ. त्यामुळे आमच्या घरात वर्षाचे बाराही महिने पीठ उडायचं. दादांच्या भुवया तर मी लहानपणापासून पांढऱ्याच पाहिल्या. बहात्तरच्या दुष्काळाचा तो हिवाळा. शेतात काही नव्हतं, पण रेशनची तांबडी ज्वारी दळायला माणसं डबे घेऊन रांगेत उभी असायची, आणि त्या भाकरीला नावं ठेवत ठेवत दळून न्यायची.

तेव्हा विजेचे दोन भाव होते. घरातल्या दिव्याला एक, तो महाग. गिरणीच्या मोटारीला दुसरा, तो स्वस्त. असं का, ते दादांनी मला लहानपणीच समजावलं होतं. "दिवा लावनारा चैन करतो, मोटार लावनारा काम करतो. सरकारला एवढं कळतं." म्हणून आमच्या घरात बल्ब एकच, तोही पाहुणा आला तरच लागायचा. पाहुणा उठला की त्याच्या पाठोपाठ बल्ब बंद. एकदा तर पाहुणा उठायच्या आधीच दादांनी बटण दाबलं होतं.

दादांचं दुसरं शास्त्र वेळेचं. दिवेलागणीला सगळं गाव बटणं दाबायचं, ज्याच्या विहिरीत वाटीभर पाणी उरलं होतं तोही तेव्हाच मोटार लावायचा, आणि बल्ब नुसता तांबडा होऊन बसायचा. पहाटे आणि भर दुपारी मात्र करंट असा यायचा की बल्बाकडं बघवायचं नाही. दादा म्हणायचे, विजेचं पाटाच्या पाण्यासारखं असतं, शेजारचे भरत असताना आपण भरायला गेलो तर चिखलच मिळणार. सगळे झोपले की आपली पाळी लावावी. हे ते दळायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. बायका "व्हय, व्हय" म्हणायच्या आणि त्यांचं माप बरोबर आहे का तेवढं बघायच्या.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी नगरहून आले होते. आमचे हे तिथं नोकरीला. अजून चांगला अवकाश होता म्हणून मी मजेत होते, आणि पौषातल्या एका सकाळी, ध्यानीमनी नसताना, कळा सुरू झाल्या. पोर झाली ती एवढीशी. सुपात ठेवली तर सूप मोकळंच वाटलं असतं. रडली तेही मांजरीच्या पिलाएवढं. शेजारच्या बायका दारातून डोकावल्या आणि तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आठव्याचं टिकत न्हाई गं बाई." मी तशाही अवस्थेत त्यांना बाजेवरून म्हटलं, "टिकत नाही तर बघायला कशाला आलात? चला, निघा!" बाळंतिणीनं असं बोलायचं नसतं म्हणे. मग काय करायचं असतं?

कर्जतहून डॉक्टर आले. त्यांनी पोरीला पाहिलं, छातीला नळी लावली. मग म्हणाले, अशा मुलांसाठी मोठ्या दवाखान्यात काचेची पेटी असते, पण या गार वाऱ्यात एसटीनं नेली तर वाटेतच खेळ संपेल. इथंच ठेवा. "हिला स्वतःची ऊब धरता येत नाही. ती तुम्ही द्यायची. दिवसरात्र. ऊब तुटली तर हातातून जाईल. आणि खोलीत धूर अजिबात नको."

धूर नको म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, वर ओव्याची धुरी, डोळ्यांतून पाणी आणि नाकातून काजळी, याच्याशिवाय बाळंतपण झालंच कसं म्हणायचं? शिवाय त्या साली जळण तरी कुठं होतं! जनावरं छावणीवर, म्हणजे गोवऱ्या नाहीत. चुलीत घालायला तुरीच्या काड्या. भकदिशी पेटायच्या आणि भकदिशी विझायच्या. त्यांचा निखारा म्हणून धरतच नाही.

दादा सगळा वेळ ओसरीवर होते. बाळंतिणीच्या खोलीत बापईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, ही रीत. बारसं होईपर्यंत तर नाहीच, आणि या पोरीच्या बारशाचं तर नाव काढायलाही कुणी धजत नव्हतं. दादांनी डॉक्टरांचं बोलणं भिंतीआडून ऐकलं होतं आणि त्यातला एकच शब्द उचलला होता. पेटी. "आपन करू की पेटी," ते ओसरीवरून म्हणाले. "त्यात काय!"

पहिला प्रयत्न त्याच संध्याकाळी झाला. दादांनी कुठून तरी विजेच्या शेगडीची जुनी कॉईल आणली आणि तिची वायर थेट बल्बाच्या होल्डरला लावायला आईला सांगितली. सकाळ नव्हे, दुपार नव्हे, दिवेलागण! स्वतःचंच शास्त्र विसरले. घरातली वायर सुतळीएवढी, बल्बापुरती. ती भिंतीवर आधी वास मारायला लागली, मग ठिणग्या उडाल्या, आणि कापडाचं वेष्टण जळत जळत पार आढ्यापर्यंत गेलं. आईनं घोंगडीनं झोडपून विझवलं. घराची लाईन जी गेली ती गेलीच. तिथून पुढं आमच्याकडे कंदील. दादा बाहेरून विचारताहेत, "तापली का?" आई म्हणाली, "मी तापले!"

रात्र आम्ही पोरीला आळीपाळीनं पोटाशी धरून काढली. सकाळी दादांनी गिरणी उघडली नाही. त्यांनी विटा घेतल्या, दळणाच्या दगडाला टाकी लावायच्या छिन्नीनं त्यांना खाचा पाडल्या, खाचांतून कॉईल फिरवली, वायरीला चिनीमातीचे मणी ओवले आणि सगळं पत्र्याच्या एका रुंद डब्यात बसवून वरून मातीनं लिंपलं. शास्त्र असं, की विटा एकदा तापल्या की बंद केल्यावरही तासन् तास ऊब सोडत राहतात. मोटार चालू असताना हे जोडता यायचं नाही, गिरणीचे फ्यूज जायचे. म्हणून पहाटे गिरणी उघडायच्या आधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि गाव निजल्यावर, अशा तीन पाळ्यांत विटा भरून घ्यायच्या. मधल्या वेळात पोरीनं विटांवर जगायचं. आणि वीज गिरणीच्या मीटरवरची, स्वस्तातली, बोळावरून तार टाकून आणलेली. नात जगवतानाही माणसानं भाव बघितला! मला तेव्हा राग आला होता. पण बाकी घरात लाईन नव्हतीच, म्हणून गप्प बसले.

आता ही पेटी खोलीत बाजेखाली बसवायची कुणी? दादा आत येणार नाहीत, दुसरा बाप्या आत घ्यायचा नाही. राहिली आई. कालचा तो होल्डर सोडला तर आईनं जन्मात कधी बटणाला हात लावला नव्हता. बल्ब लावायचा असला की ती काठीच्या टोकानं बटण दाबायची. ती लाकडी पाटावर उभी राहिली, हाताला फडकं गुंडाळलं, देवाचं नाव घेतलं, आणि दादा दाराकडे पाठ करून ओसरीवर उभे राहून सांगायला लागले.

"तांबडी वायर डावीकडं. स्क्रू दिसतोय का?"

"खिळा दिसतोय."

"खिळा न्हाई, स्क्रू हाय त्यो."

"तुमी त्याला काय बी म्हना. पिळायचा हाय का ठोकायचा, तेवढं सांगा."

"पिळ. उजवीकडं पिळ. लई आवळू नको."

"मग किती आवळू? तुमच्या गळ्याएवढं?"

मी बाजेवर पोरीला धरून बसले होते. पोटात कळ येईपर्यंत हसले. हसताना रडू आलं ते वेगळं.

शेवटी राहिलं अर्थिंग. त्याची तार ओल्या जमिनीत पुरावी लागते, आणि त्या साली अख्ख्या गावात ओली जमीन कुठली? आमच्या अंगणात एकच, तुळशीची. आई स्वतः तहानलेली राहील पण तुळशीला तांब्याभर घालील. दादांनी तार नेली ती सरळ तुळशीच्या बुडाशी पुरली. आईनं ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. "तुळशीत करंट सोडता? देवाची काय लाजबिज?" दादा म्हणाले, "देवाला काय होतंय? पोरीला बसनारा करंट त्यो आपल्यावर घेईल."  दुसऱ्या दिवसापासून आई तुळशीला पाणी चार हात लांबून फेकायला लागली.

आणि गंमत अशी की पेटी चालली. बाजेखालून अशी मऊ ऊब यायची, ना धूर ना जाळ. पोरीची निळसर नखं गुलाबी झाली. कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब घेणारी पोर अंगावर ओढायला लागली. तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं तेव्हा मी आईला ओरडून बोलावलं. आईनं पेटीला हळदकुंकू वाहिलं, अर्थात लांबून, चिमटीनं उडवून.

मध्येच एकदा वायरमन आला. बोळावरची तार बघून तो थांबला आणि म्हणाला, ही कसली लाईन? दादा एका दमात म्हणाले, "कपडे वाळत घालायची." वायरमननं तारेवर बघितलं. एक फडकंसुद्धा नव्हतं. मग आतून पोर रडली. त्यानं विचारलं, दादांनी सांगितलं. तो चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि जाताना म्हणाला, "कपडे जपून वाळवा. जोड उघडा ठेवू नका."

सगळं असं सुरळीत चाललं असताना अमावास्या आली.

अमावास्येला गिरणी बंद. ही रीत दादांच्या वडिलांपासूनची, तेव्हा गिरणी डिझेलच्या इंजिनावर होती. आदल्या दिवशीच सगळी दळणं उरकायची. सकाळी अंघोळ करून दादा यंत्र पुसायचे, दगडाला गंध लावायचे, नारळ फोडायचे, आणि मग मुख्य खटका खाली ओढून फ्यूज काढून खिशात टाकायचे, म्हणजे कुणी आडमुठ्यानं कितीही गळ घातली तरी त्या दिवशी यंत्र फिरणार नाही. मग कुलूप. वर्षानुवर्षं त्यांचा हात हेच करत आला होता. त्या अमावास्येलाही हातानं तेच केलं. पहाटेची पाळी त्यांनी न विसरता लावली, विटा तापवल्या. नंतर यंत्राची पूजा केली, खटका ओढला, फ्यूज खिशात घातले, कुलूप लावलं, आणि गिरणीचा नवा पट्टा आणायला सायकलवर टांग मारून कर्जतला निघून गेले. देवाधर्माचं सगळं यथासांग झालं. नात तेवढी त्याच खटक्यावर होती, एवढंच राहिलं.

विटांची मेख अशी की त्या एकदम गार होत नाहीत. एकदम झाल्या असत्या तर आम्हाला लगेच कळलं असतं. दुपारची पाळी चुकली तरी खोली कोमट होती. त्यात मला सकाळपासून हुडहुडी भरलेली, दूध साकळून ताप आला होता, मला गरम काय आणि गार काय कळत नव्हतं. आईनं पोरीचे पाय चाचपले आणि ती दचकली. गार. पोर झोपेत होती आणि उठत नव्हती. तळपायाला टिचकी मारली तरी नुसतं तोंड वाकडं करायची, रडायची नाही.

आईनं डब्यावर हात ठेवला आणि धावत ओसरीवर गेली. समोर गिरणीला कुलूप. मग तिच्या ध्यानात आलं. "आवस हाय आज," ती म्हणाली, आणि त्यानंतर दादांबद्दल जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. लिहिलं तरी कुणी छापणार नाही.

मी पोरीला छातीशी घेतलं, पण माझेच दात वाजत होते. आईनं चुलीत तुरीच्या काड्या सारल्या, फडकी शेकून आणली. फडकं आणेपर्यंत गरम, गुंडाळेपर्यंत कोमट, दोन श्वासांत गार. तिनं मग वरवंटा उचलला, बोळ ओलांडला आणि गिरणीचं कुलूप फोडलं. तीच बाई, जी काठीनं बटण दाबायची, ती अमावास्येच्या दिवशी गिरणीत शिरली आणि तिनं खटका उघड्या हातानं वर ढकलला. काही झालं नाही. बघते तर फ्यूजच्या जागी तीन रिकामी भोकं.

ती परत आली. तिनं माझ्याकडून पोरीला घेतलं, स्वतःच्या चोळीत घातलं, वरून माझी गोधडी, घोंगडी, हाताला लागेल ते पांघरलं आणि खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. मला तेव्हा खरंच वाटलं की पोर गेली. मी शेजारणींना हाकललं होतं ना, त्यांचंच खरं होणार, असं डोक्यात येत राहिलं. मी देवाला शिव्या दिल्या. आईनं मला गप्प केलं नाही.

तिकडं कर्जतला दादांनी पट्टा घेतला, चहाच्या टपरीवर बसले आणि पैसे काढायला खिशात हात घातला. हाताला फ्यूज लागले. पुढं खूप दिवसांनी त्यांनी हे मला सांगितलं, आणि सांगतानाही त्यांचा हात खिशाकडं गेला होता. चहा तसाच, पट्टा तसाच बाकावर, आणि माणूस सायकलवर. भर दुपारचं ऊन, उलटा वारा, आणि वय असं की एरवी चढ आला की उतरून ढकलत न्यायचे.

सायकल अंगणात आपटल्याचा आवाज आला. दादा धडपडत ओसरीवर चढले आणि खोलीच्या उंबऱ्यापाशी खांबासारखे उभे राहिले. सदरा अंगाला चिकटलेला, तोंड लालबुंद, पांढऱ्या भुवयांतून घाम गळतोय. एका मुठीत तीन फ्यूज.

"हाय का?" त्यांनी विचारलं. तेवढंच.

"हाय. आत या," आई म्हणाली.

"बाळंतिनीची खोली हाय."

"मग काय मामलेदाराची कचेरी हाय? या म्हनते ना! सदरा काढा. भट्टीवानी तापलाय तुमी, तेवढा तरी उपयोग होऊ द्या."

दादा आत आले. जन्मात पहिल्यांदा. आईनं त्यांना भिंतीला टेकवून खाली बसवलं, पदरानं त्यांचा घाम पुसला, आणि चोळीतून पोर काढून त्यांच्या उघड्या छातीवर पालथी घातली, वरून घोंगडी. मग त्यांच्या मुठीतून फ्यूज ओढून घेतले.

"कुठला कुठं बसवायचा ते..." दादा म्हणायला लागले.

"तीन भोकं, तीन फ्यूज. त्यात काय वेद हायेत?" असं म्हणून ती गेलीसुद्धा.

खोलीत आम्ही तिघंच. दादांचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि त्याच्याबरोबर पोर वर-खाली होत होती. ते हलत नव्हते. मग एकदम त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "आजा चुकला गं तुझा," ते तिच्या टाळूवर तोंड ठेवून म्हणाले. "आजाला माफ कर. जाऊ नको." मला त्यांचा एवढा राग आला होता की बाप म्हणून तोंड बघू नये, आणि त्याच क्षणी ते मला इतके आवडले की काय सांगू.

आई परत आली, डब्यावर हात धरून बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तापल्या विटा. ठेवा तिला बाजेवर."

"तापू दे," दादा म्हणाले. सोडायला तयार नाहीत.

"अवं, आता जा भाईर. रीत हाय काय तरी."

"तापू दे म्हनलं ना."

तेवढ्यात ते दचकले. "अगं, ही काय तरी हुडकतीय," ते म्हणाले, "बघ की, तोंड घासतीय." पोर त्यांच्या छातीच्या केसांत नाक खुपसून, मान डगडग हलवत दूध शोधत होती. दिवसभरात पहिल्यांदा. दादा रडता रडता हसायला लागले आणि तिला अलगद उचलून माझ्यापुढं धरलं. "घे बाई. हे खातं माझ्याकडं न्हाई."

मी तिला घेतलं. तिचं तोंड लागलं, सुटलं, पुन्हा लागलं, आणि ती प्यायली. आई उंबऱ्यात बसली आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्यांदा रडली.